६३१८ चा बोल्ट

डेल्मर कूग्लर एकोणीस वर्षं एका लोखंडी तुकड्याच्या मागे होता, आणि ऑक्टोबरातल्या त्या रविवारी तो तुकडा समोर दिसला तेव्हा त्यानं सगळ्यात आधी काय केलं, तर तोंड वाकडं केलं.

त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही. बंदूकबाजाराची रीतच ती. एरवी जिथं डुकरांची आणि गायींची प्रदर्शनं भरतात त्या जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिन्यातून एकदा शनिवार-रविवार अडीचशे टेबलं लागतात. जगातल्या झाडून सगळ्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफली त्यांवर ओळीनं मांडलेल्या असतात. जर्मन, रशियन, स्वीडिश, तुर्की. कुणाचं सैन्य जिंकलं, कुणाचं हरलं; ओहायोत आल्यावर सगळ्यांच्या गळ्यात किमतीची सारखीच चिठ्ठी. इथं जी वस्तू हवी असते तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या शेजारच्या वस्तूकडे बघायचं. हवी ती हातात आलीच तर मुलगी बघायला आलेल्या वरपक्षाचा भाव चेहऱ्यावर आणायचा, दोन नावं ठेवायची आणि पुढं चालू पडायचं. मग रविवारी तीनच्या सुमाराला, विकणारे कंटाळून खोकी भरायला लागले की सहज आल्यासारखं परत यायचं आणि पडेल भावात उचलायची. पोट सुटलेली, नातवंडं झालेली माणसं दोन दिवस हे नाटक करतात आणि घरी जाऊन बायकोला सांगतात की आज फार दमलो.

डेल्मर या नाटकातला मुरलेला नट. सोमवार ते शुक्रवार तो गालिचे विकायचा आणि त्याला कुणी विचारत नसे. बाजारात मात्र त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. रायफल हातात घ्यावी, चष्मा कपाळावर सरकवावा आणि ती कुठल्या कारखान्यात, कुठल्या साली बनली, तिच्या लाकडाला नंतर कुठल्या दीडशहाण्यानं पॉलिश मारलं, हे त्यानं घडाघडा सांगावं. विशेषतः आकड्यांच्या बाबतीत तो फार कडक होता. रायफलीच्या नळीवर कारखान्यानं एक आकडा ठोकलेला असतो. मूठ धरून मागं ओढायचा आणि पुढं ढकलून गोळी आत बसवायची तो जो लोखंडी दांडा, म्हणजे बोल्ट, त्याच्यावरही तोच आकडा असतो. दोन्ही जुळले तर शौकीन वेडे होतात आणि किंमत दुप्पट होते. नाही जुळले तर मग ते नुसतं लाकूड आणि लोखंड. आणि कुणी बोल्टवरचा मूळ आकडा घासून नळीवरचा आकडा नव्यानं ठोकला, तर असल्या माणसाला बाजाराच्या दारातून आत घेऊ नये, असं प्रोफेसरचं मत होतं. ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

स्वतः प्रोफेसरच्या घरातलीच रायफल न जुळणारी होती, हे त्याचं दुखणं. त्याचे वडील ऑरिन यांनी युद्ध संपल्यावर जर्मनीतून एक रायफल आणली होती. नळीवर आकडा ६३१८, बोल्टवर ९०४२. असं कसं झालं, ते म्हातारा अगदी मजेत सांगायचा. परतीच्या जहाजावर चार हजार शिपाई, प्रत्येकाजवळ काही ना काही लुटीचं, आणि निम्मे प्यायलेले. कुणी कुणाला गोळी घालू नये म्हणून अधिकाऱ्यांनी सगळ्यांच्या रायफलींचे बोल्ट काढायला लावले आणि पिंपात टाकले. न्यूयॉर्कला उतरताना प्रत्येकानं पिंपात हात घालायचा आणि जो हाताला लागेल तो घेऊन धक्क्यावर उतरायचं. "धक्क्यावर माझी आई उभी होती," ऑरिन म्हणायचे, "मी काय आकडे वाचत बसू?"

डेल्मरनं ही गोष्ट त्यांना कधी माफ केली नाही. बापाच्या आयुष्यात त्याला सापडलेली ही एकच चूक होती, त्यामुळे तो ती जपून होता.

कारण चुका काढण्याचं खातं त्या घरात बापाकडे होतं. ऑरिन चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रांची अवजारं घडवत होते. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका फरक अंगठ्याला कळायचा. डेल्मरनं अकराव्या वर्षी पाखरांसाठी लाकडी घर केलं, तर बापानं आधी काटकोन तपासायचा गुण्या आणून कोपऱ्याला लावला. डेल्मरनं लग्नात भाषण केलं, तर त्यात एक साल चुकलं असल्याचं त्याच टेबलावर समजलं. तो गालिच्यांच्या दुकानात लागला तेव्हा ऑरिन म्हणाले, बरं झालं, गालिच्याखाली सगळं झाकलं जातं. वाईट बोलायचा त्यांचा हेतू नसे. दिसलं ते बोलायचे, आणि त्यांना दिसायचं फार. सेहेचाळीस वर्षांच्या डेल्मरला आयुष्यात आता एकच हवं होतं: जिच्यात बापाला काही चुकीचं सापडणार नाही अशी एक गोष्ट त्यांच्या हातात ठेवायची. ६३१८ ची रायफल आणि ६३१८ चा बोल्ट. म्हातारा त्र्याहत्तर वर्षांचा होता, उन्हाळ्यात छातीचं दुखणं काढून उठला होता. फार वाट बघण्यात अर्थ नव्हता.

म्हणून दर बाजाराला ९०४२ चा बोल्ट जुन्या मोज्यात गुंडाळून डेल्मरच्या कोटाच्या खिशात असायचा. रायफल बापाच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर, बोल्टावाचून, बोळक्या तोंडानं टांगलेली असायची. एकोणीस वर्षं डेल्मर तेलकट खोक्यांतले सुटे बोल्ट उलथेपालथे करत आला होता आणि आकडे वाचून वाचून त्याला चष्मा लागला होता.

त्या रविवारी तो कोपऱ्यातल्या एका टेबलापाशी थबकला. टेबल एमेट प्रुइटचं. एमेट अडुसष्ट वर्षांचा, जन्मभर चर्चची देखभाल केलेला माणूस. खिडकी लागत नाही, नळ गळतो, असं कुणी सांगितलं की पेटी उचलून निघायचा. बाजारात तो पहिल्यांदाच आला होता. मेव्हणा वारला, बहिणीनं त्याचं सामान विकायला पाठवलं. मासे धरायच्या काठ्या, खिळ्यांचे डबे, दोन कंदील आणि एक जर्मन रायफल, साडेतीनशे डॉलर. डेल्मरनं सवयीनं नळीवरचा आकडा वाचला. ९०४२.

त्यानं दुसऱ्यांदा वाचला. मग बोल्टच्या मुठीच्या बुडाशी बघितलं. ६३१८.

म्हणजे पिंपात हात घातलेला दुसरा माणूस एमेटचा मेव्हणा. एकाच जहाजातून दोघं उतरले, एकमेकांचा बोल्ट घेऊन, आणि पुढं पन्नास वर्षं चाळीस मैलांच्या अंतरावर राहिले. डेल्मरच्या खिशात चारशे डॉलर रोख होते. साडेतीनशे टेबलावर ठेवायचे आणि दोन्ही रायफली जुळवून घरी जायचं, एवढंच करायचं होतं. तेही नको असेल तर खिशातला बोल्ट दाखवून सरळ सांगायचं की हा तुमचा, तो माझा, बदलून घेऊ. त्यातलं काही त्याच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. आलं, पण एकोणीस वर्षांची सवय त्याच्या आधी तोंडावर येऊन बसली होती. डेल्मरनं एक कंदील उचलून बघितला, ठेवला, आणि मग जणू नाइलाजानं रायफलीकडे वळून उसासा टाकला.

"ही तुमची का?" त्यानं विचारलं.

"मेव्हण्याची. का, काही बिघडलंय का हिचं?"

या प्रश्नावर शहाणा माणूस पाघळला असता. पण डेल्मरला वाटलं, साडेतीनशेची दोनशेला येईल. शिवाय तीन वाजेपर्यंत दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून तिची अब्रू चार लोकांदेखत काढणंही जरूर होतं. त्यानं आवाज थोडा चढवला. शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं ऐकायला लागली. लाकूड सुकलंय, म्हणाला. पट्टा नंतरचा आहे. नळीत जरा गंजही दिसतोय, जो कुठंच नव्हता. आणि शेवटी त्यानं बोल्टच्या मुठीवर बोट टेकवलं.

"खरी भानगड इथं आहे. हा बोल्ट हिचा नाहीच. आकडा बघा. नळीवर ९०४२, इथं ६३१८. या एका आकड्यापायी हिची पार लाज गेलीय. जुळला असता तर सातशेला गेली असती. असली न जुळणारी कोण घेणार? मीही घेणार नाही."

"हे मला माहीतच नव्हतं," एमेट म्हणाला. तो खजील झाला होता. "हे लोकांपुढं असं मांडून बसलो मी सकाळपासून."

डेल्मरनं मोठ्या मनानं त्याचा खांदा थोपटला. होतं असं, म्हणाला, आणि मागं न बघता पुढच्या रांगेत गेला. प्रोफेसरनं नावं ठेवलेली रायफल आता दिवसभर कुणी बघणार नाही याची त्याला खात्री होती, आणि ती खरीही ठरली.

ते दोन तास डेल्मरनं आयुष्यात कधी नाही इतके सुखात घालवले. चीज आणि खिम्याचा रस्सा ओतलेली दोन सॉसेजं पावात घालून खाल्ली. तुर्की रायफली विकणाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मनात मात्र हिशोब चालू होता. दोनशेत एमेटची रायफल येणार. तिला खिशातला बोल्ट बसवला की ती सातशेची. म्हणजे बापाचा बोल्ट फुकट पडून वर पाचशे सुटणार. संध्याकाळी जेवायच्या आधी बापाच्या हातात रायफल द्यायची आणि काही बोलायचं नाही. बाप आकडे बघेल, मग पुन्हा बघेल. काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. त्या गप्प बसण्यासाठी डेल्मरनं एकोणीस वर्षं घातली होती, आणि आता आणखी दोन तास घातले तर काय बिघडणार होतं?

तीनला पाच कमी असताना तो फिरत फिरत एमेटच्या टेबलापाशी आला. रायफल जागेवर होती. गळ्यातली चिठ्ठी मात्र बदलली होती. सहाशे.

"बरं झालं तू आलास, प्रोफेसर," एमेट म्हणाला; हे नाव त्याला शेजारच्या टेबलांवरून कळलं होतं. त्याचा चेहरा उजळला होता. "बघ आता. सांग ठीक झालंय का."

डेल्मरनं खाली वाकून बघितलं. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी, चकचकीत घासलेल्या जागेवर, नव्या कोऱ्या आकड्यांत ९०४२ ठोकलं होतं.

एमेट उत्साहानं सांगत होता. त्या रांगेच्या टोकाला नॅडीन म्हणून बाई आहे. चाकूंना धार लावते, चाकूंवर लोकांची नावं घालून देते. तिच्याकडे घासायचं चाकही आहे आणि आकड्यांचे ठसेही. मी म्हटलं एवढा एक आकडा चुकलाय, तो नीट करून देता का? दहा मिनिटांत करून दिला, वीस डॉलरमध्ये. तू सांगितलंस म्हणून कळलं. नाहीतर मी हे असंच कुणाच्या तरी गळ्यात मारलं असतं आणि त्याला घरी जाऊन समजलं असतं.

कुठलं दूषण द्यावं या माणसाला? नळ गळतो म्हटलं, यानं नळ दुरुस्त केला. डेल्मर एमेटच्या खुर्चीवर बसला. मग खिशातून मोजा काढला, मोज्यातून बोल्ट काढला आणि टेबलावर ठेवला. एमेटनं तो उचलून आकडा वाचला, मग रायफलीचा वाचला, आणि जरा वेळानं त्याच्या ध्यानात आलं.

"हा आमचा आहे," एमेट म्हणाला. "आणि तो?"

"तो माझ्या वडिलांचा होता."

मघाशी ऐकलेलं सगळं एमेट मनातल्या मनात पुन्हा ऐकत असावा, एकेक वाक्य. चिडला असता तर डेल्मरला बरं वाटलं असतं.

"अरे, मग तसं म्हणायचं ना," तो शेवटी म्हणाला. "वडिलांचा आहे म्हणाला असतास तर तिथल्या तिथं काढून दिला असता. मला काय करायचं होतं त्याचं?"

रायफलींबद्दल कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तयार ठेवणाऱ्या प्रोफेसरकडे शेजारची दोन टेबलं बघत होती. एमेटनं तो घासलेला बोल्ट काढून डेल्मरच्या हातात दिला आणि ९०४२ चा खरा बोल्ट रायफलीत बसवला. तो अलगद गेला. पलीकडच्या टेबलावरचा माणूस लगेच उठून आला आणि चिठ्ठीवरचे सहाशे डॉलर देऊन, घासाघीस न करता, रायफल घेऊन गेला.

डेल्मर शेडच्या दाराकडे निघाला. वाटेत रांगेच्या टोकाला नॅडीनचं टेबल लागलं. ती चाक पुसत होती, आवरायच्या बेतात. डेल्मर तिच्यापुढून गेला, दारापर्यंत पोचला आणि परत फिरला. आजवर जेवढ्यांना त्यानं या कामासाठी नावं ठेवली होती तेवढी तोंडं त्याला आठवत असतील, पण त्याचं त्यानंच एक समाधान काढलं. हा बोल्ट खराच त्या रायफलीचा आहे. आकडाही खराच तिचा आहे. मग खऱ्यावर खरा आकडा घातला तर ती लबाडी कशी? लबाडी करणारा प्रत्येक जण असंच काहीतरी म्हणतो, हे त्यानंच लोकांना सांगितलेलं होतं.

नॅडीननं बोल्ट ओळखला. "हा मघाशीच केला की. तुम्हाला कुठला पाहिजे?"

"सहा, तीन, एक, आठ," डेल्मर म्हणाला. हळू म्हणाला, कारण मागं ओळखीची माणसं होती. तिनं ९०४२ घासून काढलं, ठसे लावून हातोडी मारली आणि नव्या लोखंडाची झळाळी जावी म्हणून त्यावर काळं औषध चोळून दिलं. आणखी वीस डॉलर. बिचारी इतकी मनापासून काम करत होती की डेल्मरला तिचा रागही येईना.

पाच वाजता ऑरिनच्या घरी जेवण असे, दर रविवारी, पाचला एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. उकडून कुस्करलेल्या बटाट्यांवर कोंबडीच्या रश्श्यातल्या जाड नूडल्स, बाजूला वाटाणे. डेल्मर आला तेव्हा ताटं मांडलेली होती. त्यानं भिंतीवरची रायफल उतरवली, बोल्ट बसवला, मूठ खाली दाबली आणि रायफल बापापुढं टेबलावर ठेवली. बोलला काहीच नाही, ठरल्याप्रमाणे.

ऑरिन यांनी चष्मा लावला. नळीवरचा आकडा वाचला. मूठ उचलून बोल्ट मागं ओढला, मग सगळाच बाहेर काढून दिव्याखाली धरला आणि त्यावरचा आकडा वाचला. पुन्हा नळीचा वाचला. जेवणाच्या टेबलाशी एवढी शांतता डेल्मरला कधी मिळाली नव्हती.

"कुठं मिळाला?" म्हाताऱ्यानं विचारलं. आवाज बदललेला होता. "पिंपातून माझा कुणी उचलला होता?"

"वारला तो. त्याच्या मेव्हण्याकडे होता."

ऑरिन यांनी मान हलवली. बोल्ट तळहातावर तोलला. डोळ्यांत पाणी होतं की दिव्याचा उजेड, ते डेल्मरला कळेना, आणि त्याला वाटून गेलं की झालं, जमलं, एवढं एक तरी जमलं. म्हातारा बोल्ट हातात खेळवत बसला होता. बोटं आपली सवयीनं लोखंडावरून फिरत होती. त्याचा अंगठा मुठीच्या बुडाशी गेला, आकड्यांवरून पुढं सरकला, थांबला आणि परत मागं आला.

"इथं खोलगट आहे," ऑरिन म्हणाले. त्यांनी डोळे मिटून पुन्हा अंगठा फिरवला. "दोनदा घासलंय. माझा चांगला बोल्ट होता हा. कुठल्या गाढवानं केलं हे?"

डेल्मरला नाव सांगता आलं असतं. एमेटचं सांगता आलं असतं, नॅडीनचं सांगता आलं असतं, आणि दोन्हींत थोडं खरंही निघालं असतं. नूडल्स गार होत होत्या.

"मी," तो म्हणाला.

ऑरिन यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे निरखून बघितलं आणि मान डोलावली. मुलाच्या बोलण्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही, असं त्या टेबलावर पहिल्यांदाच झालं.